घरटी एक माणूस

प्रवासाला निघताना शहाणी माणसं पाण्याची बाटली, टोपी आणि पोटाच्या गोळ्या घेतात. मी पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या एका हातात थर्माकोलचा डबा होता, डब्यात बर्फाच्या विटा होत्या आणि डोक्यात फक्त एक आकडा होता : सात. सात नंबरचं रक्त घेऊन परत यायचं, एवढंच माझं काम. ते आणलं असतं तर माझी पीएचडी संपली असती. गेली काही वर्षं ती संपतेच आहे. जळगावला आमच्या आईने तर आता तिच्याबद्दल विचारणंच सोडलंय. कुणी विचारलं तर ती सांगते, पोरगी पुण्याला असते, आणि विषय वांग्याच्या भरितावर नेते.

आमचा विषय आधी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. एखादा रोग येऊन गेला किंवा त्याची लस टोचली, की शरीरातल्या काही पेशी त्या रोगाचा चेहरा लक्षात ठेवतात. या स्मृतिपेशी. पण त्या सगळ्या एका साच्यातल्या नसतात. काही हाडांच्या मगजात बैठक मारून बसतात, काही रक्तातून गस्त घालतात, काही नाकात आणि फुप्फुसात अगदी दारातच ठाण मांडतात. कुणाला फ्लूच्या विषाणूचं डोकं आठवतं, कुणाला मान. हा विषाणू मोठा बहुरूपी. दर वर्षी डोक्यावरचा फेटा बदलून येतो, मान मात्र तीच ठेवतो. लस टोचली की फेटा ओळखणाऱ्या जुन्या पेशी आधी धावत सुटतात आणि मान ओळखणाऱ्या बिचाऱ्या मागच्या रांगेत राहून जातात. त्या मागच्यांना पुढे कसं आणायचं हे ज्याला कळेल, त्याला दर वर्षी नवी लस काढावी लागणार नाही. आमच्या सरांना ते कळल्यासारखं वाटलं होतं, सात नंबरमुळे.

झालं होतं असं. बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदीच्या पुढे एक गाव आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे परत जेवायला जायचंय. त्या गावात आम्ही शिबिर घेतलं. प्रत्येक घरातून एक माणूस घेतला, म्हणजे एकमेकांचे नातेवाईक येऊन आकडेमोड बिघडायला नको. लस टोचायच्या आधी रक्त, आठवड्याने रक्त, महिन्याने रक्त. गोपनीयता म्हणून कार्डावर नाव नाही, नुसता नंबर. रक्त काढायला दर वेळी वेगळी नर्स. बाकी सगळ्यांच्या रक्तात ठरल्याप्रमाणे त्याच त्या जुन्या पेशी धावल्या. सात नंबरच्या रक्तात मात्र दर वेळी नवीच मंडळी! आठवड्याने पाहावं तर पहिल्यापैकी कुणी नाही. महिन्याने पाहावं तर आणखी तिसरेच.

सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. एका लशीने अख्खी मागची रांग पुढे आलेला माणूस! बंगळूरच्या मोठ्या परिषदेत सरांचं भाषण होतं. त्यात आता दुसरं काही नव्हतंच. सर "सात नंबर" म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज गाभाऱ्यात गेल्यासारखा व्हायचा. "हा माणूस खातो काय, पितो काय, सगळं विचार," सर म्हणाले, "आणि चौथ्यांदा रक्त आण. तेवढं मिळालं की तुझा शेवटचा भाग लिहून झाला म्हणून समज." नंबरावरून घर शोधायची रीतसर परवानगी निघाली आणि मी बर्फाचा डबा घेऊन निघाले.

बेळगाव

बेळगावात मी उतरले आणि पहिल्या तासात तीन भाषा ऐकल्या, त्याही एकाच रिक्षावाल्याच्या तोंडून. पुढच्या गाडीवाल्याशी तो कानडीत भांडला, मला मराठीत पत्ता विचारला आणि फोनवर कुणाला तरी हिंदीत उधारीची आठवण दिली. मग माझ्या डब्याकडे पाहून म्हणाला, "मासं हाईत व्हय?"

मी म्हटलं, "नाही, रक्तासाठी आहे."

यावर तो गावात शिरेपर्यंत एका शब्दाने बोलला नाही. कुठल्याच भाषेत.

एका ओळखीच्या कॉलेजात बर्फाच्या विटा फ्रीजमध्ये ठेवल्या आणि कुंदा खायला बाहेर पडले. दूध आटवता आटवता विसरून गेलं की कुंदा होतो, असं मला दुकानदाराने सांगितलं. आमच्याकडे दूध आटवताना विसरलं की बोलणी बसतात. इथल्या माणसांनी त्याचीच मिठाई केली आणि गावाचं नाव केलं. चूक झाली की तिला गोड म्हणून खपवायची, ही कला मला पुढे दोनच दिवसांनी लागणार होती, पण तेव्हा मी नुसता कुंदा खात होते.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर सगळ्या पाट्या कानडीत. शेजारी एक आजीबाई शांतपणे उभ्या होत्या. मी विचारलं, "ही बस बेळगुंदीला जाते का?"

"जाती की."

"पाटी वाचलीत तुम्ही?"

"मला बी वाचता येत न्हाय," त्या म्हणाल्या, "खरं ड्रायवर वळखीचा हाय."

इकडे 'पण'ऐवजी 'खरं' म्हणतात. त्यामुळे या लोकांचं निम्मं बोलणं शपथेवर चालल्यासारखं वाटतं.

बेळगुंदीच्या पुढे

सात नंबरचं घर सापडायला वेळ लागला नाही. लाल माती, अंगणात रताळ्यांचा ढीग, आणि ढिगाशेजारी बसून आकाराप्रमाणे रताळी निवडणाऱ्या एक बाई. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं. मीही म्हणू लागले. घराचे कर्ते त्यांचे यजमान, आप्पा. कार्ड त्यांच्या घराचं, म्हणजे सात नंबर तेच.

"आप्पा आहेत?"

"आमचं मालक व्हय? खानापूरला गेल्यात, भात घेऊन गिरणीत." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "रगताचं हाय न्हवं? आमी म्हटलं, झालं की तीनदा."

"अजून एकदा हवंय. फार महत्त्वाचं आहे."

"आदी जेवा."

आमच्या जळगावात पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग जेवायचा आग्रह. इथे मधल्या पायऱ्या गाळलेल्या आहेत. ताटात नाचणीची भाकरी, काळ्या वाटाण्याची उसळ, मिरचीचा खर्डा आणि चुलीत भाजलेलं रताळं आलं. तिखटाच्या बाबतीत जळगावची माणसं स्वतःला शहाणी समजतात. खर्ड्याच्या पहिल्या बोटाला माझा हा अहंकार गेला आणि दुसऱ्या बोटाला आवाज गेला. आक्कांनी ताक आणायला आत जाऊन, ते गार असावं म्हणून माझ्या डब्यातली बर्फाची वीट कधी त्यात बुडवली ते मला कळलंसुद्धा नाही. ताक उत्तम होतं. वीट मी धुऊन परत डब्यात ठेवली.

घसा सुटल्यावर मी चौकशी सुरू केली. आप्पा रोज काय खातात?

"आमी खातो त्येच की."

"रताळी जास्त खातात का?"

"रताळी? त्यास्नी रताळं चालतच न्हाय. पोट धरतंय." हे मी लिहून घेतलं आणि सरांना कळवलं. सरांचा लगेच निरोप आला : "विलक्षण! रताळ्यांच्या गावात रताळी न खाणारा माणूस!"

तेवढ्यात आप्पांचे धाकटे भाऊ आले, मारुतीअण्णा. बेळगावात एका कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी शेतात. सगळं ऐकून त्यांनी शर्टाची बाही वर सारली. "आप्पा कुठं घावायचं तुमाला! एवढ्या लांबनं आलाय, रिकाम्या हातानं जाऊ नगा. माजं घ्या."

मला गहिवरून आलं. पाहुण्याला नारळ देतात, खण देतात. रक्त देऊ करणारं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. मी हात जोडून म्हटलं, "अण्णा, तुमचं नको. आप्पांचंच पाहिजे."

"का? माजं काय वाईट हाय?" मारुतीअण्णांचा चेहरा पडला.

"सुई बारकी आनलीया न्हवं खरं?" आक्का मध्येच म्हणाल्या. "मागल्या टायमाला लई दुकलं. चार दिस भाकरी थापताना हात वर हुईना."

भाकरी थापताना. हे वाक्य माझ्या कानावरून गेलं, मनापर्यंत पोचलं नाही. आप्पा घरात भाकरीही थापतात, किती सुधारलेलं कुटुंब, असं मला वाटलं. पीएचडी करणारी माणसं कशी असतात याचा हा नमुना म्हणून सांगते.

खानापूर

मारुतीअण्णांनी मला मोटारसायकलवर खानापूरला नेलं. वाटेत झाडी दाट होत गेली, हवेला ओल्या पानांचा वास आला आणि माझा डबा मांडीवर धरून धरून दोन्ही पाय बधिर झाले. गिरणीच्या दारात भाताचा कोंडा उडत होता. तिथे चौकशी केली तर गिरणीवाला म्हणाला, "आप्पा? आत्ता तर हितं हुतं. तुमी येताना बघितलं त्येनी. म्हनाले, निपाणीला पोरीकडं जातो."

रस्त्यावर बस सुटत होती. मागच्या दारात तांबडा फेटा, पांढऱ्या मिशा, खांद्याला पिशवी. पहिल्यांदाच दिसला मला सात नंबर! मी डबा उंच धरून धावले. "आप्पा! आप्पा, थांबा!"

आप्पांनी मला पाहिलं. डबा पाहिला. वयाच्या मानाने फारच चपळाईने ते बसच्या आत गेले आणि मागच्या काचेतून त्यांनी हात हलवला, अगदी प्रेमाने.

"गडबडीत हाईत जरा," मारुतीअण्णा म्हणाले. "सुरेखाची घरभरणी हाय उद्या. चला की तुमी बी! आमी सगळेच जानार."

सुरेखा म्हणजे आप्पांची मुलगी, निपाणीत बँकेत नोकरीला. तिने नवं घर बांधलं होतं. बोलावणं नसताना रक्त काढायला घरभरणीला जाणं बरं दिसेल का, असं मी विचारलं. यावर मारुतीअण्णांना प्रश्नच कळला नाही.

निपाणी

निपाणीत उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो तंबाखूचा वास. दोन शिंका येतात, तिसरी येत नाही, कारण तोवर आपण निपाणीकर झालेलो असतो. सुरेखाचं घर नवंकोरं, भिंतींना रंगाचा वास, दाराला आंब्याचं डहाळं, आणि अंगणात मांडवाखाली पंगत. मी डबा कोपऱ्यात ठेवला. परत पाहिलं तर त्यात कुणीतरी श्रीखंडाचं पातेलं बसवलं होतं.

आणि आप्पा? आप्पा पंगतीत वाढत होते. येळवणीची, म्हणजे कटाच्या आमटीची बादली त्यांच्या हातात, आणि आवाज मांडवाबाहेर. "वाढू का? वाढतो! व्हय न्हाय करू नगा!" मी जवळ गेले की ते पलीकडच्या रांगेला जात. मी पलीकडे गेले की अलीकडे. पळी आणि बादलीच्या जोरावर त्यांनी मला पुरणपोळीच्या तीन वाढण्यांइतका वेळ झुलवलं.

कोपऱ्यात चार तरुण पोरं आणि सुरेखाचे यजमान हात बांधून उभे होते. सगळ्यांना वाढायचं होतं. कुणालाच बादली मिळत नव्हती. शेवटी आक्का पदर खोचून बाहेर आल्या. "अवो, तुमी दारात जावा बगू! पावनं आल्यात, त्यास्नी या म्हनायला कोन न्हाय." आप्पा कुरकुरत दाराशी गेले, आणि त्या क्षणी चारही पोरं पंगतीत शिरली. एकाने भात घेतला, एकाने तूप, एकाने कुरडया. जेवणावळीला एकदम रंग आला.

मी पोळीचा घास हातात धरून तशीच थांबले. अहो, हेच तर आम्ही करू पाहतोय! फेटा ओळखणाऱ्या पेशी म्हणजे आप्पा. त्यांना बादली मिळाली की बाकीच्यांना वावच नाही. मग लशीतून विषाणूचं डोकंच झाकून ठेवायचं, नुसती मान दाखवायची, म्हणजे आप्पामंडळी दाराशी राहतात आणि मागची पोरं कामाला लागतात. अशा लशींवर जगात खटपट चालू आहेच. पण ती मला इतकी नीट आधी कधी दिसली नव्हती. मी आणखी एक पोळी घेतली.

जेवण झाल्यावर सुरेखा माझ्याजवळ येऊन बसली. हसतमुख, चटपटीत बाई. "मॅडम, तुमच्या नर्सबाई लई छान होत्या हं. कळलं सुद्धा नाही. ह्याच हातातनं घेतलं बघा." आणि तिने डावा हात पुढे केला.

"कधी?"

"गेल्या महिन्यात. सणाला गेलते ना माहेरी. तिसरं का काय ते रक्त."

मी हळूच विचारलं, "तुमचा नंबर किती?"

"सातच की. घराचा नंबर सात."

मांडवातला गलका मला एकदम दूर गेल्यासारखा वाटला. "मग दुसऱ्या वेळी?"

"मी दिलतं," आक्का म्हणाल्या. "त्येच तर सांगत हुते. हात वर हुईना."

"आणि पहिल्यांदा? लस कुणाला टोचली?"

मारुतीअण्णांनी अभिमानाने बाही वर केली. "मी! म्हनून तर म्हटलं, माजं घ्या."

"पण का?" माझा आवाज चिरकला. "एकाच माणसाने यायचं होतं ना!"

"तसंच केलं की," मारुतीअण्णा गोंधळून म्हणाले. "देवळातनं पुकारलं न्हवं, घरटी एक मानूस यायचा म्हनून? दर टायमाला एकच आलाय. दोन गेल्यात व्हय कवा आमच्यातनं?"

आणि मग मला सगळं कळलं. या गावात ओढ्याचा बांध घालायचा असो, कुणाच्या घरावर पत्रे चढवायचे असोत, मयताला जायचं असो, देवळातून पुकारतात : घरटी एक माणूस. म्हणजे प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. कोणता, हे घरचं घर पाहतं. ज्याच्या हाताला काम नाही तो जातो. आणि आमच्या शिबिराने नेमके तेच शब्द वापरले होते! गावाने त्यांचा अर्थ लावला तो पिढ्यान्‌पिढ्या लावत आलेत तोच. मारुतीअण्णांना सुट्टी होती, ते आले. पुढच्या आठवड्याला ती नव्हती, आक्का आल्या. महिन्याने आक्का मळ्यात होत्या, सुरेखा आली. सात नंबर हा माणूस नव्हताच. ते घर होतं.

"एकाच घरातलं हाय, रगात एकच की," मारुतीअण्णा समजावणीच्या सुरात म्हणाले. "कुनी आलं म्हनून काय बिगडतंय?"

काय बिघडतं! आम्ही पेशींच्या आठवणी वाचत बसलो आणि पेशी कुणाच्या हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. साधा रक्तगट पाहिला असता तर सात नंबरचा गट महिन्यात दोनदा बदललेला दिसला असता. सरांनी बहुधा त्याचंही भाषण केलं असतं.

मला रडू आलं. चांगलं हमसून आलं, पुरणपोळीच्या पंगतीत, परक्यांच्या नव्या घरात. आक्कांनी मला जवळ घेतलं. मी म्हटलं, माझी सगळी वर्षं पाण्यात गेली. गावातल्या बाकीच्या घरांनीही असंच केलं असेल, आता काहीच उरलं नाही.

"न्हाय वो," सुरेखा म्हणाली. "बाकी घरांत रिकामं माणूस एकच असतंय. दर वेळी तेच आलं असणार. आमच्याच घरात कुणाला सवड नसतीय, म्हणून आळीपाळी."

पुढे पुण्याला जाऊन आम्ही सगळे नमुने तपासले, तर ती म्हणाली ते खरं निघालं. गावोगावच्या रिकामटेकड्यांनो, तुम्ही विज्ञान वाचवलंत. तुम्हाला कुणी चांगलं म्हणत नसेल, म्हणून मी म्हणते.

डोळे पुसून मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, की रक्त एक असलं तरी रक्तातली आठवण एक नसते. दोन भाऊ एका ताटात जेवले तरी कुणाला कुठला ताप आधी आला, कुणाचं शरीर त्यातलं काय धरून बसलं, हे ज्याचं त्याचं वेगळं. मारुतीअण्णांना पटेना. मग मी विचारलं, घरात सगळ्यांना एकदम ताप आला होता असं कधी झालंय का?

"झालंय की!" सुरेखा म्हणाली. "मी शाळेत असताना. मला आठवतंय, अण्णांनी मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडं नेलं."

"तवा माजी कुस्ती बुडाली," मारुतीअण्णा म्हणाले. "दुसरं कायबी ध्यानात न्हाय."

"आन् तापात सगळ्यांचं मी एकलीनं केलं," आक्का म्हणाल्या, "त्ये कुनाच्याच ध्यानात न्हाय."

"ताप?" दारातून आप्पांचा आवाज आला. "आमच्या घरात कुनाला ताप आलाच न्हवता."

सगळे हसले. मारुतीअण्णा म्हणाले, "व्हय. पटलं."

आणि मलाही काहीतरी सुचलं. एक छप्पर, एक चूल, एक ताप, आणि प्रत्येकाच्या शरीरात वेगळी आठवण. तिघांचं रक्त आमच्या फ्रीजमध्ये होतंच. चौथ्याचं मिळालं तर सात नंबर म्हणून नाही, एक घर म्हणून सांगता येईल. एकच लस घरातल्या चौघांच्या चार वेगळ्या आठवणींना कशी जागी करेल, हा प्रश्न भाषणाला काही वाईट नव्हता. फक्त आप्पांचं रक्त हवं होतं, आणि त्यांना आता नाही म्हणायला बादलीही उरली नव्हती.

मी ठणकावून म्हटलं, "आप्पा, आता ज्याचं नाव त्यानेच यायचं."

आप्पा खुर्चीत बसले. बाही अर्धवट वर सारली, मिशीवरून हात फिरवला. "बरं. ह्यो अब्यास कुनाचा?"

"आमच्या सरांचा."

"मग सर कुठं हाईत?"

"सर कामात आहेत. म्हणून मी आले."

मांडवात असा हशा पिकला की भटजीसुद्धा आतून बाहेर आले. आप्पांनी बाही शांतपणे खाली घेतली. "सर येऊ देत. मग बगू."

सुरेखाने माझ्या कानात सांगितलं, "आप्पा सुईला भितात. जन्मात टोचून घेतलेलं नाही."

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तू नीट विचारलं नसशील. मी स्वतः येतो."

पुन्हा निपाणी

बंगळूरचं आधीच सांगून टाकते. भाषणातून सात नंबर गेला आणि त्या जागी एक घर आलं. लोक हसले, मग त्यांनी प्रश्न विचारले, आणि प्रश्न चांगले होते. माझी पीएचडी आणखी लांबली. आईने भरिताची कृती लोकांना सांगणं चालू ठेवलंय. पण हे सगळं ज्या सकाळमुळे झालं, ती सकाळ मला सांगायचीय.

घरभरणीच्या दुसऱ्या दिवशी सर आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट, चेहरा पडलेला. सुरेखाच्या नव्या ओट्यावर त्यांनी एकेकाला स्वतः विचारलं. मारुतीअण्णांनी डावा दंड दाखवला, आक्कांनी उजवा, सुरेखाने पुन्हा डावा. सर चहा प्यायले. मग हळूच मला म्हणाले, "म्हणजे खरंच तिघं." मला त्यांची दया आली. गाभाऱ्यात गेल्यावर देवच नाही असं झालं होतं त्यांचं.

"या सर, बसा," आप्पा म्हणाले. समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. "म्याडम म्हनत्यात, ज्याचं नाव त्यानंच यायचं. अब्यास तुमचा. आदी तुमचं काडा, मग माजं."

"हो हो, का नाही!" सर हसून म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली. मी दंडाला पट्टा बांधला. हात थंडगार होता. सुई बाहेर काढली, आणि सरांच्या कपाळावर घाम दिसला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या रक्तावर जगलेले आमचे सर! त्यांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुजबुजले. घर नेमकं त्याच वेळी गप्प होतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं, माझ्याऐवजी तू देतेस का? एकाच लॅबचे तर आहोत आपण. कुणी दिलं म्हणून काय बिघडतं?"

आक्कांनी तोंडाला पदर लावला. मारुतीअण्णांनी मांडीवर थाप मारली आणि हसता हसता ओट्याच्या कडेवर बसले. सुरेखा आत पळाली. मी सुई हातात धरून उभीच.

आप्पा मात्र हसले नाहीत. ते उठले, आपली खुर्ची उचलून सरांच्या शेजारी आणून ठेवली, तीत बसले आणि सरांचा मोकळा हात आपल्या हातात घट्ट धरला. मग दुसऱ्या हाताची बाही त्यांनी दातांनी वर ओढली.

मारुतीअण्णा सवयीने उठून पुढे आले. "आप्पा, बसू का मी?"

"गप बस तिकडं," आप्पा डोळे गच्च मिटून म्हणाले. "आज मी हाय."